बटूच्या पोटातली राख

"श्वेत बटू हे ताऱ्याचे बालपण होय; योग्य काळी तो वाढून तांबडा राक्षस होतो."

खगोल परीक्षा मंडळाच्या उत्तरसूचीत प्रश्न सतरासमोर एवढेच छापले होते. विधान सुबक होते, निःशंक होते आणि त्यावर मंडळाचा शिक्का होता. उणीव एकच: ते आरंभापासून अखेरपर्यंत उलटे होते.

चंद्रपूरच्या बारा वर्षांच्या शाल्मली कुंभारेने सुलटे लिहिले होते, आधी राक्षस आणि मग बटू. चारपैकी तिला शून्य मिळाले. त्या चार गुणांवाचून, चंद्राच्या पाठीवरील वेधशाळेत जाणाऱ्या बारा मुलांच्या यादीतून तिचे नाव गळत होते. यादी आज दुपारी पाचला बंद व्हायची होती. २०७४ सालीही न्याय कार्यालयीन वेळेतच मिळत असे.

चार वाजता ती मंडळाच्या कार्यालयात, 'परीक्षक' या यंत्रमानवासमोर बसली. सगळ्या उत्तरपत्रिका त्यानेच तपासल्या होत्या आणि उत्तरसूचीही त्यानेच रचली होती. शेजारी तिचे आजोबा, आबा. ताऱ्यांचे वर्णपट (प्रकाशाचे रंगनिहाय पट्टे, त्यांवरून ताऱ्यातली द्रव्ये ओळखता येतात) वाचण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली होती.

"पालकांनी बोलू नये. नियम नऊ," परीक्षकाने बजावले.

"मी कुठे बोललो? नुसता खाकरलो."

"अहो परीक्षक," शाल्मलीने सुरुवात केली.

"डब्याला अहो-जाहो!" आबा पुटपुटले.

"आबा, गप्प बसा ना! अहो परीक्षक, तारा जन्मतो कशातून?"

"तेजोमेघातून (अंतराळातील वायू व धूळ यांचा अवाढव्य ढग). गुरुत्वाकर्षणाने तो आकसतो आणि मध्यभागी तापत जातो. तेथील तापमान सुमारे एक कोटी अंशांवर पोहोचले की संमीलन (हलक्या अणुकेंद्रकांनी एकत्र येऊन जड केंद्रक बनणे) सुरू होते."

"म्हणजे नव्या ताऱ्यात मुख्य माल कोणता?"

"हायड्रोजन. थोडा हेलियम."

"मग?"

"गाभ्यात हायड्रोजनचा हेलियम होत राहतो. त्यातून सुटणाऱ्या ऊर्जेचा रेटा बाहेरच्या दिशेने, गुरुत्वाकर्षणाचा दाब आतल्या दिशेने. दोन्ही तुल्यबळ असेतो तारा स्थिर राहतो. सूर्याची अशी सुमारे ४६० कोटी वर्षे झाली; साधारण ५०० कोटी उरली. फार जड ताऱ्यांपाशी इंधन अधिक असते, परंतु ते इतक्या वेगाने खर्चतात की काही कोटी वर्षांतच त्यांचा स्फोट होतो."

शाल्मलीला आश्चर्य वाटले आणि मग रागही आला. याला सगळे ठाऊक होते! तोंडपाठ होते! तरीही शून्य?

"सूर्यासारख्याचंच बोलू. गाभ्यातला हायड्रोजन संपला की?"

"गाभा आकसून अधिक तापतो. बाहेरचे थर फुगतात, फुगल्याने थंडावतात, म्हणून तांबडे दिसतात. हाच तांबडा राक्षस. पुढे त्याच्या गाभ्यात हेलियमपासून कार्बन आणि ऑक्सिजन बनतात."

"आता व्याध ताऱ्याचा जोडीदार घ्या. तो श्वेत बटू ना?"

"होय. आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान सूर्याएवढे. त्यातील चमचाभर द्रव्य दोन हत्तींच्या वजनाचे भरेल."

"आणि ते द्रव्य कोणतं?"

"प्रामुख्याने कार्बन आणि ऑक्सिजन."

"कार्बन कुठे बनतो म्हणालात?"

"तांबड्या राक्षसाच्या गाभ्या..." परीक्षक थांबला.

"मग या तान्ह्या बाळाच्या पोटात चुलीतली राख आली कुठून? सरपण पेटायच्या आधीच राख पडते का कुठे?"

आबा मोठ्याने हसले. "हसण्याविषयी नियम आहे का हो?" त्यांनी विचारले.

नियम नव्हता. परीक्षकाच्या आतला पंखा मात्र जोरात फिरू लागला.

"राक्षस बाहेरचे थर अंतराळात सोडून देतो," शाल्मली म्हणाली. "उघडा पडलेला गाभा म्हणजे श्वेत बटू. त्यातलं संमीलन थांबलेलं असतं. उरलेल्या उष्णतेवर तो अब्जावधी वर्षं निवत राहतो. तो वाढणार कशाच्या जोरावर?"

"आक्षेप मान्य," परीक्षक म्हणाला. चार वाजून चाळीस मिनिटे झाली होती. "चार गुण देत आहे. प्रवेश निश्चित."

शाल्मली उठली आणि पुन्हा बसली. "माझ्यासारखं उत्तर आणखी किती जणांनी लिहिलं होतं?"

"तीनशे अकरा."

"त्या सगळ्यांनाही गुण द्या."

"तसे केल्यास आपला क्रमांक घसरेल. कितवा राहील, हे नव्या यादीपूर्वी सांगता येत नाही."

तिने आबांकडे पाहिले. या वेळी ते खाकरलेही नाहीत.

"सगळ्यांना," ती म्हणाली.

चार बावन्नला नवी यादी उमटली. शाल्मली कुंभारे, क्रमांक बारा. यादी तिथेच संपत होती.

"काठावर!" आबांनी श्वास सोडला. "पण चंद्रावर वातावरणाची थरथर नाही गं. व्याधाच्या झगमगाटाशेजारचा तो बारीक ठिपका तुला तिथून शोधता येईल. माझ्या वतीने त्याला नमस्कार सांग."

"सांगेन. त्याचा वर्णपटही घेईन." मग ती परीक्षकाकडे वळली. "दुरुस्तीचं कारण लेखी द्यावं लागतं ना?"

"नियम चौदा," परीक्षक म्हणाला, आणि त्याच्या पोटातून एक कागद बाहेर आला. त्यावर अक्षरशः असे होते:

"प्रश्न सतरा. 'बटू' या शब्दाचा अर्थ मी शब्दकोशात पाहिला. 'मुंज झालेला मुलगा' हा अर्थ पहिला होता, 'ठेंगू' हा दुसरा. मी पहिल्यावर थांबलो. ताऱ्याचा वर्णपट माझ्यापाशी होता. मी तो उघडला नाही."