कापलेली चार मिनिटं

धुळ्यातल्या एका टॉकीजमध्ये मी एकतीस वर्षं ऑपरेटर होतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मशीन बिघडलं तर त्याला कारण असतं, एवढंच मला कळतं.

रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागायचा. पब्लिक मारामारी बघायला यायचं, मोतीलाल संगीत ऐकायला. तो शिरपूरच्या एका बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. हॉलिवूडच्या एका जुन्या संगीतकारानं त्याला पार वेड लावलं होतं. त्या संगीतकाराचा एक सिनेमा आमच्याकडे चार रविवार चालला, तेव्हा ऐन लग्नसराईत बँड सोडून हा गडी चौथ्या रांगेत बसून सारेगम वहीत उतरवत होता.

खेळ सुटला की केबिनमध्ये यायचा. संगीत इथं संपत नाही, हे त्याचं एकच पालुपद. "भाऊ, आठे सरत नही. आजून बाकी शे."

"पिक्चर सरना, आते काय बाकी?" मी हसायचो.

बाकी होतं. शेवटची चार मिनिटांची फीत नुसती काळी होती. प्रिंट खराब आली असं समजून मी ती पहिल्या खेळाआधीच कात्रीनं उडवली होती. काळा पडदा दिसला की आमचं पब्लिक खुर्च्या फाडायचं.

माझी बायको यशोदा गेल्यावर मला बोलायला मोतीलालच उरला होता. आठ वर्षांपूर्वी तोही गेला. त्याच्या बायकोनं वही मला आणून दिली. शेवटचं पान कोरं होतं.

यंदा उन्हाळ्यात पुण्याहून नात आली, हेमांगी. तिनं ते संगीत मोबाईलवर शोधून दिलं.

"आबा, शेवटी पडदा मुद्दाम काळा ठेवायचे. लोक बाहेर पडताना वाजायला वेगळं संगीत असायचं."

म्हणजे मी कापली ती फीत खराब नव्हतीच. जन्मभर तो खरं सांगत होता आणि मी त्याला हसत होतो. मला त्याची माफी मागायची होती. ते संगीत मी एकट्यानं ऐकलं नाही. त्याच्या जागेवर जाऊन लावायचं ठरवलं. म्हातारचळ म्हणा हवं तर.

टॉकीजचं आता कापसाचं गोदाम झालंय. हंगाम संपल्यानं रिकामंच होतं. राखणदार चिंधानं कुलूप काढलं. आत बघण्यासारखं काय उरलंय, हेच त्याला कळेना.

"आबा, मझार काय शे? खुर्च्या बठ्ठ्या भंगारमा गयात."

बाहेर भर दुपारचं ऊन रणरणत होतं. आत मात्र गार. फरशीत खुर्च्यांच्या बोल्टांची भोकं तेवढी राहिली होती. दार लोटून घेतलं, रांगा मोजत चौथ्या रांगेशी गेलो, मोबाईल खाली ठेवला आणि शेवटची चार मिनिटं लावली.

व्हायोलिनं सुरू झाली. थोड्या वेळानं कुणीतरी गुणगुणू लागलं.

पत्र्याचा घुमारा असेल, म्हटलं. पण घुमारा मागून येतो. हे गुणगुणणं पुढे होतं. आधी ते सूर लावायचं, मग मोबाईल.

मी वाकून मोबाईल बंद केला.

गुणगुणणं थांबलं नाही. शेवटपर्यंत गेलं, सावकाश, एकही सूर न चुकता.

मग शांतता.

मग माझ्या शेजारी, माणूस उठल्यावर लाकडी बैठक उलटून वर जाते तसा आवाज झाला. खट्.

मग मागच्या रांगेत. मग सगळ्या हॉलभर.

खेळ सुटल्यावर उघडतात तसं मी जाऊन दार उघडलं. ऊन आत आलं. फरशी मोकळी होती. तरी मी अंग चोरून बाजूला उभा राहिलो, गर्दी सरेपर्यंत.

"मोतीलाल," मी हाक मारली. "चूक माझी होती."

बाहेर जाणाऱ्यांपैकी कुणीही थांबलं नाही.