उजव्या हाताचं ऊन

रस्त्याच्या मधोमध एक म्हातारं कुत्रं बसलं होतं. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. बसमधले सगळे उभे प्रवासी एकदम एकमेकांच्या अंगावर गेले, आणि ज्यांची गेली कित्येक वर्षं नुसती तोंडओळख होती त्यांची ती चांगलीच वाढली. कुत्र्याने मान वर करून बसकडे पाहिलं, आणि पुन्हा डोळे मिटले.

ड्रायव्हरच्या पाठीमागे दांड्याला धरून एक मुलगी उभी होती. तिच्या दुसऱ्या हातात काचेची बरणी होती. ब्रेकबरोबर बरणीचं झाकण उडालं, आणि आतला फिकट पिवळा, दाट, गारेगार ऐवज ड्रायव्हरच्या दोन्ही हातांवर जाऊन बसला.

"अय्या — सॉरी... खरंच सॉरी..."

"काय आहे हे?" त्याने समोर बघतच विचारलं. "खायचं की लावायचं?"

"लावायचं."

"मग लागलं," तो म्हणाला, आणि गिअर टाकला.

शेवटच्या स्टॉपवर बस रिकामी झाली. ती उतरली नाही. पाण्याच्या बाटलीने रुमाल ओला करून ती त्याचे हात पुसायला लागली. दही, मध, ओट्सचं पीठ, काकडीचा रस... सगळ्याचा मिळून असा वास येत होता, की एखाद्या गार, बंद खोलीत कोणीतरी नुकतंच झोपून उठलंय. डावा हात पुसून झाला. उजवा अर्धा झाला... आणि ती थांबली.

"हे दोन हात एकाच माणसाचे आहेत?"

"डावा घरचा," तो म्हणाला. "उजवा खिडकीचा."

खरंच, उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत कोऱ्या चहासारखा झाला होता. डावा त्याच चहात दूध घातल्यासारखा. वर्षानुवर्षं ऊन त्याच खिडकीतून, त्याच हातावर येऊन बसत होतं. तिकीट न काढता.

दुसरी कुठली मुलगी असती तर रुमाल घेऊन निघून गेली असती. ही दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून बघत राहिली. तिच्या डोळ्यांत हळूहळू असा उजेड आला, की आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी आपल्याकडे इतक्या मनापासून बघतंय, असं त्याला वाटलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती नमुन्याकडे बघत होती. पण हा फरक त्या वयात लक्षात येत नाही, आणि आला तरी माणूस तिकडे लक्ष देत नाही.

"उजव्याला रोज लेप लावायचा, डाव्याला नाही," ती म्हणाली. "म्हणजे फरक कळेल. द्याल का हात? संध्याकाळचा."

"आणि डाव्याने तोवर काय करायचं?"

"नुसतं बघत बसायचं."

"जमेल त्याला. गिअर सोडला तर तो दुसरं काही करत नाही."

तिचं घर म्हणजे जिना चढून वर दोन खोल्या. त्यातली एक आत्याची, आणि उरलेली बरण्यांची. वर्तमानपत्रावर गुलाबाच्या पाकळ्या वाळत होत्या, खिडकीत कोरफडीच्या कुंड्या होत्या, गॅसवर जवस उकळून त्याचा केसांसाठी बुळबुळीत गर होत होता. आरामखुर्चीत आत्या डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडली होती. भाचीच्या सगळ्या नव्या उपायांचं उद्घाटन आत्यावरच होत असे.

"कोण आलंय गं?"

"हात आलाय, आत्या."

"कोणाचा?"

"बसच्या ड्रायव्हरचा."

"मग बाकीच्याला जिन्यात का उभं केलंस? आत घे."

डोळ्यांवर काकडी असलेल्या बाईला दिसत नाही, पण ऐकू मात्र दुप्पट येतं. पुढच्या संध्याकाळींमध्ये दोघांनाही हे विसरायला फार वेळ लागला नाही.

ती सपाट ब्रशने लेप लावायची. मनगटापासून वर, एकाच दिशेने, भिंत रंगवणाऱ्याच्या शिस्तीत. लेप गार असायचा, तिची बोटं कोमट. मग तो वाळेपर्यंत दोघं खिडकीशी बसून राहायची. बाहेर उजेड पातळ होत जायचा. समोरच्या गच्चीवरचे कपडे एकेक करून आत जायचे...

"वाळेपर्यंत बोलायचं नसतं ना?"

"ते चेहऱ्याला लावल्यावर. हाताचं असेल तर बोललेलं चालतं."

"वाळलं हे कसं ओळखायचं?"

"ओढल्यासारखं होतं. घट्ट वाटतं."

"मला इथेही वाटतंय," तो शर्टाच्या गुंडीवर बोट ठेवून म्हणाला.

"तिथे काही लावलेलं नाही."

"तेच सांगतोय."

ती उठून उगाच जवसाचं पातेलं ढवळायला गेली. गॅस केव्हाच बंद केलेला होता. आरामखुर्चीत आत्याने एक चकती उचलली, खाल्ली, आणि दुसरी मधोमध सरकवली.

आता यात तिचं काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं, कारण तिने ते त्याला सांगितलं नव्हतं. बँकेतली बरी नोकरी सोडून तिने हा बरण्यांचा संसार मांडला होता. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची मालकीण, जिला सगळे केमिस्टबाई म्हणत, तिने एक फळी द्यायचं कबूल केलं होतं. पण आधी फरक दाखव, मग ठेवते, असं म्हणून. उन्हाळा संपेपर्यंतची मुदत होती. नाही जमलं तर दुसऱ्या शहरात दादाच्या ऑफिसात तिच्यासाठी एक खुर्ची आधीच पुसून ठेवली होती. हे सगळं ती त्याला बोलली नाही, कारण कामाच्या माणसाला आपलं रडगाणं काय ऐकवायचं. तो विचारत नव्हता, कारण नसती चौकशी कशाला करायची. दोघंही अतिशय सभ्य होती. सभ्यपणामुळे जगात किती नुकसान होतं याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

"लावल्यावर दुसऱ्या दिवशी दिवसभर या हाताला ऊन लागू द्यायचं नाही," तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि नुसतं बजावून न थांबता आत्याच्या जुन्या चादरीची एक लांब पांढरी बाही शिवून दिली होती, मनगटाला आणि दंडाला इलॅस्टिक लावून. "गाडी चालवताना घालायची."

त्याने ती दोन्ही हातांनी घेतली होती.

सुरुवातीचे काही दिवस त्याने ती घातलीही. आणि एका सकाळी, सिग्नलला थांबलेला असताना, स्टिअरिंगवरच्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं. चहात कोणीतरी चमचाभर दूध घातलं होतं.

एखाद्याला आनंद झाला असता. तो हिशोब करत बसला. दोन्ही हात सारखे झाले, की प्रयोग संपला. प्रयोग संपला, की संध्याकाळ संपली... मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. मग ड्रायव्हरने बाही काढली, नीट घडी केली, छातीवरच्या खिशात ठेवली, आणि उजवा कोपर खिडकीबाहेर काढला.

तेव्हापासून तो उन्हाचा भक्त झाला. प्रवासी घामाघूम होऊन सावलीची बाजू शोधायचे. हा दुपारच्या फेऱ्या मागून घ्यायचा. आभाळ आलं की त्याचा जीव वरखाली व्हायचा. कंडक्टरने दोनदा विचारलं, "पाऊस येईल म्हणून का रे तोंड असं?" तो म्हणायचा, "हो, घरी पापड वाळत घातलेत."

इकडे तिचा चेहरा उतरत चालला. हात सुधारता सुधारता मागे फिरला होता.

"काहीच कसा फरक नाही?" ती हात उजेडात धरून म्हणायची. "मधे थोडा दिसला होता... की मलाच भास झाला?"

"घाई काय आहे," तो म्हणायचा. "होईल सावकाश."

त्याच्या दृष्टीने हे अगदी खरं होतं. तिच्या दृष्टीने उन्हाळा संपत आला होता. शेवटी तिने जे इतके दिवस टाळलं होतं ते केलं. लेपात लिंबू पिळलं.

"आज लिंबू घातलंय," ती म्हणाली. "आता मात्र ऊन अजिबात नको. अगदी धुतल्यावरसुद्धा. ऐकताय ना?"

ऐकत नव्हता. ती बोलताना तिच्या कानामागची बट सुटून पुढे आली होती, आणि दोन्ही हात लेपाने भरलेले असल्यामुळे ती तिला फुंकर घालून मागे सारत होती. बट पुन्हा पुढे येत होती. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. तो हो म्हणाला.

केमिस्टबाईंकडे जायच्या आदल्या संध्याकाळी तो आला तोच उजवा हात पाठीमागे धरून.

"बघू," ती म्हणाली.

"आज राहू दे का?"

"बघू."

हातावर तपकिरी डाग उमटले होते. नुसते डाग नव्हते. मनगटापासून कोपराकडे गेलेले लांबट ओघळ होते, जसा लेप धुताना ओघळला होता तसेच. मधे एका ठिकाणी चार बोटं उमटली होती. तिचीच.

ती तो हात उजेडात धरून बघत राहिली. गच्चीवरचे कपडेही तसेच राहिले.

"लिंबू आणि ऊन एका जागी आल्याशिवाय असं होत नाही," ती अगदी हळू म्हणाली. "बाही कुठेय?"

त्याने खिशातून काढून दिली. दुकानातून आणल्यासारखी पांढरीशुभ्र.

"ही इतकी स्वच्छ कशी?"

"मळेल म्हणून..."

"घातलीच नाहीत."

"आधी घालत होतो," तो म्हणाला. "मग हात उजळायला लागला. म्हणून... म्हटलं, उजळला तर तुम्ही म्हणाल, झालं, आता यायची गरज नाही. मी रोज खिडकीबाहेर धरला. मुद्दाम."

एरवी अशी वाक्यं ऐकून मुलींच्या गालांवर जे काही होतं, ते तिच्याही झालं असेल. पण त्या सगळ्याच्या पुढे राग उभा होता.

"तुम्हाला कल्पना आहे? उद्या केमिस्टबाईंना हाच हात दाखवायचा होता. मला वाटलं माझाच लेप खोटा. रात्र रात्र मापं बदलत बसले मी. फळी मिळाली नाही की मी पुढच्या आठवड्यात दादाकडे चाललेय, कायमची." तिचा आवाज चिरकला. "मी इथे राहावं म्हणून तुम्ही मला इथून घालवताय."

तो उभाच राहिला. त्याला ब्रेक कधी मारायचा हे चांगलं कळत होतं. पण आज गाडी पुढे निघून गेली होती.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"मी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली, आणि तेवढ्यानेच तिला आणखी राग आला. "आता जा."

तो गेला. आत्याने डोळ्यांवरच्या चकत्या काढून ताटलीत ठेवल्या.

"अगं, कोरफड तरी लावून पाठवायचास. आग होत असेल बिचाऱ्याच्या हाताची."

"होऊ दे."

"हो, होऊ दे. तू कशाला रडतेस मग?"

दुसऱ्या दिवशी ती बरणी घेऊन दुकानात गेली, तर तो आधीच तिथे उभा होता. काउंटरवर उजवा हात पसरून. खोकल्याचं औषध घ्यायला आलेले दोघं तिघं खोकायचं विसरून ऐकत होते.

"यात लेपाचा काही दोष नाही," तो केमिस्टबाईंना सांगत होता. "मी रोज हात उन्हात धरत होतो. लेप बरोबर होता, माणूस चुकीचा मिळाला त्यांना."

"आणि उन्हात का धरत होतात?" केमिस्टबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

तो काउंटरवरच्या हाताकडे बघायला लागला. कानाच्या पाळ्या मात्र बोलायला लागल्या.

"लिंबू मी घातलं," ती दारातूनच म्हणाली. "घालायला नको होतं. मला फरक दाखवायची घाई झाली होती." तिने बरणी काउंटरवर ठेवली. "ही पहिल्या कृतीची आहे. दही, मध, ओट्स, काकडी. आणि बाई, खरं सांगते... याने कोणी गोरं होत नाही. उन्हातून सांभाळलं तर कातडी आपली आपण मूळपदावर येते. लेपाने ती मऊ राहते, आग थांबते. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

केमिस्टबाईंनी झाकण उघडून वास घेतला. मग मागे वळून आपल्या फळ्यांकडे पाहिलं. आठवड्यात उजळ, तिसऱ्या दिवशी उजळ, एका रात्रीत उजळ. वर्षानुवर्षं विकूनही त्या स्वतः होत्या तशाच सावळ्या आणि देखण्या राहिल्या होत्या.

"गोरं न करणारं माझ्याकडे काहीच नाही," त्या म्हणाल्या. "ठेवून बघू. खालची फळी रिकामी करते. आणि यांना बाहेर घेऊन जा, गिऱ्हाइकांना वाटेल ही सगळी माझ्या दुकानातल्या औषधाची करणी."

रस्त्यावर आल्यावर दोघं चालायला लागली. झाडाची सावली संपली तशी ती त्याच्या उजव्या बाजूला झाली. ऊन त्या बाजूने येत होतं. तिच्या सावलीत त्याचा हात आला.

"डाग जातील ना?" त्याने विचारलं.

"जातील. वेळ लागतो. रोज कोरफड लावायची."

"आणि गेल्यावर?"

ती थांबली. आता तिच्या डोळ्यांत पुन्हा तो उजेड आला होता. पण या वेळी ती हाताकडे बघत नव्हती.

"आमच्या दाराला बेल आहे," ती म्हणाली. "लोक ती वाजवतात. म्हणजे... हाताला काही झालेलं नसलं तरी वाजवतात."

त्याने मान डोलवली.

दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी होती. सकाळीच बेल वाजली. आत्याने दार उघडलं.

"काय हो, आज इतक्या लवकर? हाताचं काय?"

"हाताचं काही नाही," तो म्हणाला. "माझंच काम आहे."

आत्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी सावकाश, काकडीशिवाय. मग आत वळून हाक मारली,

"अगं ए, हा आज नुसताच आलाय."

आत कुठल्यातरी बरणीचं झाकण लागल्याचा आवाज झाला. मग नळ सुटला, बंद झाला. मग थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही... आरशासमोर कोणी उभं असलं की घरात पसरते तेवढी शांतता. आणि मग ती बाहेर आली, ओले हात ओढणीला पुसत, आणि ते पुसून झाल्यावर आता त्यांचं काय करायचं हे न सुचून उभी राहिली.

त्याने आपला हात पुढे केला. डागांचाच. तिने तो धरला, आणि या वेळी तपासला नाही.