डाव्या पावलाचा ठोका

"यातून आवाजच येत नाही हो!" तिने छोटा कीबोर्ड काउंटरवर ठेवला.

वाद्यांच्या दुकानातला तरुण वर बघून हसला. "येणारच नाही."

"म्हणजे बिघडलाय?"

"छे! हा नुसता हुकूम सोडतो. कुठला सूर, किती जोरात... वाजवायचं काम कॉम्प्युटरचं. वायर जोडली नाहीत ना?"

ती कानापर्यंत लाल झाली. "विकताना सांगायचं होतंत की!"

"त्या दिवशी मी दुकानात नव्हतो. असतो, तर तुम्ही लक्षात राहिला असतात."

उत्तर जिभेवर आलं होतं... पण तिने विषय बदलला आणि बाबांचं सांगून टाकलं. ती फिजिओथेरपिस्ट. दवाखान्यात भलेभले पेशंट तिच्या शब्दाबाहेर नसत. घरी बाबा मात्र दाद देत नव्हते. अर्धांगवायूतून सावरले होते, पण चालायचं नाव काढत नव्हते. ती 'एक-दोन, एक-दोन' म्हणाली की भडकायचे – "मी काय शाळेत कवायत करतोय?" म्हणून तिला ताल हवा होता.

"रविवारी येऊ का जोडून द्यायला?"

"दुकानातर्फे?"

"नाही... माझ्यातर्फे."

रविवारी त्याने कीबोर्ड लॅपटॉपला जोडला. कीबोर्डवरच्या चौकोनी बटणांच्या रांगेतली दोन बटणं दाबली, तसा एक दिवा रांगेतून पळू लागला. दाबलेल्या बटणावर आला की ठोका पडे. बाबा उठले, जेमतेम दोन पावलं टाकून धपकन बसले.

"हा ठोका थांबत नाही माझ्यासाठी!"

तिची नजर त्यांच्या पायांवर होती. "डावं पाऊल उशिरा पडतंय. तो ठोका एक बटण पुढे घ्या ना."

त्याने घेतला. ताल लंगडा झाला, अगदी बाबांसारखा. आणि बाबा चालले – भिंतीला न धरता, थेट खिडकीपर्यंत! ती डोळे पुसत वळली, तर हा पठ्ठ्या लॅपटॉपमागे तोंड लपवून नाक ओढत होता. त्या क्षणी तिला तो फार आवडला.

मग रविवारमागून रविवार आले. बाबांचा पाय सुधारत गेला. एकदा त्याने तिला तीन पट्ट्या दाबून धरायला लावल्या. सूर एकामागून एक उड्या मारत सुटले.

"अय्या! हे आपोआप वाजतंय?"

"बोटं उचलली की थांबेल."

"मग... नाही उचलत."

दोघंही एकमेकांकडे न बघता हसली.

पुढच्याच रविवारी चहा पिताना तो म्हणाला, "आता काही महिने मी नसेन. नाटक कंपनीबरोबर दौऱ्यावर निघालोय. आवाजाची सगळी बाजू माझ्याकडे आहे. कधीपासून वाट बघत होतो."

"छानच की!" ती इतक्या घाईने म्हणाली, की बाबांनी पेपर खाली केला.

तो कप ठेवायला आत गेला, तसे बाबा कुजबुजले, "पेशंटना सांगतेस ना, दुखतंय तिथे बोट ठेवा? मग स्वतःचं काय गं?" आणि काठी घेऊन उठले. "मी खाली फिरून येतो. एकटा! मागे कुणी यायचं नाही."

तो बाहेर आला. ती खिडकीशी उभी होती.

"'थांबा' असं नाही म्हणणार मी," ती म्हणाली. "जायलाच हवं. पण तिथून रोज फोन कर. आणि परत आलास की... आधी इथे ये."

"कर? ये?" त्याने विचारलं. "अहो-जाहो संपलं वाटतं?"

"संपलं."

"बरं झालं. पहिल्या दिवसापासून मला ते जड जात होतं... आणि तुला सांगू? मी येणारच होतो. बोलवलं नसतंस तरी."

त्याने तिचा हात हातात घेतला. तिने तो सोडवला नाही. उलट दुसराही त्यावर ठेवला.

खालून बाबांची खणखणीत हाक आली, "ठरलं का रे पोरांनो? वर येऊ का?"

"या!" दोघं एकदमच ओरडली.