तिसऱ्या मजल्यावरचा राहिलेला धडा

मोबाईल पालथे ठेवा आधी. त्यांचा उजेड तोंडावर पडला की ऐकणाऱ्याचं लक्ष राहत नाही आणि सांगणाऱ्याची लिंक तुटते. हं. आणि तू गं, पुढच्या आठवड्यात होस्टेलवर निघालीयस ना, तू इकडे जवळ बस. मामानं काय सांगितलं ते तुझ्या आईच्या कानावर जाऊ देऊ नकोस. म्हणेल, पोरीला मुद्दाम घाबरवलं. घाबरवत नाही मी. झालं ते सांगतो. मी स्वतः तिथे नव्हतो. पण ज्याच्यावर ते गुदरलं तो माणूस रोज सकाळी माझ्या दुकानात चहा प्यायचा, आणि गोष्टी रचून सांगायचं अंग त्याला अजिबात नव्हतं.

माझं झेरॉक्सचं दुकान विद्यापीठाच्या होस्टेलसमोर होतं, हे तुम्हाला माहीत आहे. त्या होस्टेलचा तिसरा मजला जरा वेगळा. बाकीच्या मजल्यांवर कोण काय शिकतो याचा शेजारच्याला पत्ता नसायचा. तिसऱ्यावर मात्र सगळे भूगर्भशास्त्राचे. आम्ही त्यांना दगडवाले म्हणायचो. एका विषयाच्या पोरांनी एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, एकमेकांना शिकवायचं, आणि त्यांचा एक शिक्षकही त्याच मजल्यावर राहायचा, अशी विद्यापीठाची योजना होती. मजल्याच्या मधोमध अभ्यासाची खोली. लांब टेबल, खुर्च्या, भिंतीवर फळा. पोरांनी आपापसात एक नियम केला होता. एकजण अडला की सगळ्यांनी थांबायचं. त्याला कळल्याशिवाय पान उलटायचं नाही.

शिक्षक म्हणजे माझा मित्र. पोरं त्याला मागून एक्सप्रेस म्हणायची. वर्षाचा अभ्यासक्रम दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जावं इतक्या सहज संपवायचा. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. ती आठ पोरंच त्याची.

त्यातली सात गेली. अभ्यासदौरा होता, डोंगरात दगड बघायला. सर आदल्या दिवशी पुढे गेला होता, राहायची सोय करायला. मागून पोरांची गाडी निघाली आणि पुलावरून नदीत गेली. पाण्यापेक्षा गाळच जास्त होता म्हणे तिथे. वाचला एकच, सगळ्यात लहान. त्याला सगळे धाकटा म्हणायचे. तापानं फणफणला होता म्हणून खोलीवरच राहिला होता.

पुढचं वर्ष त्यानं त्याच मजल्यावर काढलं. नवीन पोरं आली, पण हा त्यांच्यात मिसळला नाही. परीक्षा मात्र दिली. आईवडील नव्हते त्याला, एक ताई होती, इस्पितळात नर्स. तिनंच वाढवलेला.

आता त्या रात्रीचं. उन्हाळ्याची सुट्टी लागून आठवडा झाला होता. होस्टेल रिकामं. मंगळवार होता, रात्रीचे साडेदहा वाजलेले. सुट्टी म्हणून सर शहरातल्या आपल्या घरी होता, झोपायच्या तयारीत. ताईचा फोन आला.

"सर, धाकटा अजून घरी आला नाही हो. शनिवारी निघतो म्हणाला होता. फोन बंद लागतोय. मला रात्रपाळी सोडून निघता येत नाही. तेवढं खोलीत बघाल का?"

"बघतो. काळजी करू नका. मित्राकडे गेला असेल."

"त्याला मित्र कुठे राहिलेत, सर."

सरनं फोन ठेवला. चप्पल घातली आणि निघाला.

वॉचमन गेटावर पेंगत होता. म्हणाला, तो पोरगा शनिवारीच गेला, बॅग घेऊन, मी डोळ्यांनी पाहिला. वर कुणी नाही. वीज बंद केलीय, टाकीचं पाणीसुद्धा तोडलंय. सर म्हणाला, आलोच आहे तर खोली बघून येतो. वॉचमननं किल्ली दिली. बरोबर येतो म्हणाला नाही.

जिन्यात मिट्ट काळोख. मोबाईलची बॅटरी पेटवून सर चढायला लागला. दुसऱ्या मजल्यापर्यंत काही नाही. नंतर वास आला. ओल्या गाळाचा. उन्हाळ्यात, बंद इमारतीत. त्याला वाटलं, कुठेतरी पाइप फुटला असेल. मग आठवलं, पाणी तर तोडलंय.

तिसऱ्या मजल्यावर आला तर बोलण्याचा आवाज.

धाकट्याचाच. सरचा जीव भांड्यात पडला. पोरगं मागच्या जिन्यानं परत आलं असणार. उजळणी करत होतं, मोठ्यानं. सर दारापाशी थांबून ऐकायला लागला, शिक्षकाला सवयच असते.

"...म्हणून हा थर खाली गेला आणि हा वर आला. कळलं?"

जरा वेळ शांत.

"नाही, तसं नाही. परत सांगतो."

पुन्हा तेच सांगितलं, सोपं करून. पुन्हा शांत. मग धाकटा हसला. कुणीतरी विनोद केल्यावर हसतात तसा.

सरनं दार ढकललं.

टेबलावर एक मेणबत्ती होती. धाकटा फळ्यापाशी उभा. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. कोपऱ्यात बिस्किटांचे रिकामे पुडे. टेबलाच्या बऱ्याचशा खुर्च्या आत सारलेल्या. सात बाहेर ओढलेल्या. माणूस बसल्यावर असतात तशा.

"अरे, काय हे? ताई तिकडे रडकुंडीला आलीय. चल, उचल बॅग."

"हळू बोला, सर. तास चालू आहे."

"कुणाचा तास?"

धाकट्यानं नुसतं टेबलाकडे पाहिलं.

"यांचं वर्ष बुडालं ना, सर. माझं एकट्याचंच पुढे गेलं. ते बरोबर दिसत नव्हतं. मागे कुणाला ठेवायचं नाही असं आपलं ठरलं होतं. सगळं शिकवून झालं. एक धडा राहिलाय."

"बरं. आणि तो झाला की?"

"मग झालंच. मग सगळे बरोबर निघणार."

"कुठे?"

 धाकट्यानं मान वळवून एका खुर्चीकडे कान दिला. "हो, विचारतो," असं तिला म्हणाला. खुर्चीला.

"सर, ते म्हणतायत, आलाच आहात तर शेवटचा धडा तुम्हीच घ्या. मला तो नीट जमत नाही."

सरला वाटलं, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. एक वर्ष एकटं, आणि आता इतके दिवस उपाशी. तो पुढे झाला, त्याचं मनगट धरलं आणि दाराकडे ओढलं. हात बर्फासारखा. आणि ओढला जाईना. काडीसारखं पोरगं ते... पण दुसऱ्या बाजूनं कुणीतरी धरून ठेवलंय असं वजन.

मागे एक खुर्ची सरकली.

फार नाही. बोटभर.

सरनं मनगट सोडलं.

(काय गं? नाही, पळाला नाही. मीही त्याला हेच विचारलं होतं. म्हणाला, पोराला टाकून पळणार कुठे? आणि खरं सांगू का, म्हणाला, मला त्या खुर्च्यांची भीती वाटलीच नाही आधी. मला त्यांना बघायचं होतं रे. एकदा.)

तर त्यानं खडू उचलला. शेवटचा धडा जीवाश्मांचा होता. मेलेल्या जिवाचा दगड कसा होतो, तो. सवयीनं तोंड चालायला लागलं, भरभर. धडा अर्धा झाला तेव्हा कुठे आपण काय बोलतोय ते त्याच्या कानांवर पडलं.

"...प्राणी पाण्यात पडतो. बुडतो. तळाशी जातो. त्याच्यावर गाळ बसतो..."

तो थांबला.

खोलीत काही हललं नाही. मेणबत्तीसुद्धा.

धाकटा हळूच म्हणाला, "सर, हे विचारतायत..."

"काय?"

"गाळाखाली ऐकू येतं का."

सर गप्प.

"म्हणजे वरून कुणी हाका मारत असेल, तर."

अपघाताच्या दिवशी पुलाखाली काठावर उभा राहून सर अंधार पडेपर्यंत हाका मारत होता. एकेकाचं नाव घेऊन. ते धाकट्याला ठाऊक नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं त्यानं.

"पुढे सांगा ना, सर. थोडंच राहिलंय."

धाकटा खाली बसला आणि बूट घालायला लागला. एक घातला. नाडी बांधली. सरनं विचारलं, बूट कशाला घालतोस? तो म्हणाला, निघायचंय ना. आणि त्यानं पाहिलं ते दाराकडे नाही.

खिडकीकडे.

खिडकी सताड उघडी होती. तिसरा मजला. खाली फरशी.

आता सरला कळलं. धडा संपला, की पोरगं जाणार. आणि धडा संपत आलेला. चार वाक्यं. फार तर पाच. आयुष्यभर त्यानं धडे लवकर संपवले. हा कसा लांबवायचा?

खुर्च्या वाट बघत होत्या.

त्यानं फळ्याकडे पाठ केली. वर्गातला आवाज काढला.

"थांबा. मला अडलंय."

धाकट्यानं मान वर केली. "तुम्हाला?"

"हो. पुढचं मला येत नाही. तुमचा नियम काय आहे? एकजण अडला तर?"

धाकटा खुर्च्यांकडे बघायला लागला.

"सांगा. काय आहे नियम?"

धाकट्याचा हात दुसऱ्या बुटावर तसाच राहिला. मग तो, अगदी नाराजीनं, म्हणाला, "सगळ्यांनी थांबायचं."

"मग थांबा. मला कळलं की मी सांगेन. तोवर कुणी जागचं उठणार नाही."

आणि ते थांबले.

बस, एवढंच. त्यानंतर काही झालं नाही, असं सर म्हणायचा. पण तशी रात्र वैऱ्यावर येऊ नये. मेणबत्ती विझली. काळोखात तो फळ्यापाशी उभा. खिशात ताईचा फोन घरघरायचा... थांबायचा... पुन्हा घरघरायचा. घ्यायची हिंमत नाही. टेबलाकडून आवाज नाही. श्वास नाही. फक्त थेंब. एकेक. फरशीवर पडणारा. त्याला पुढची चार वाक्यं पाठ होती. ती जिभेवर येत होती, आणि तो ती गिळत होता. डोक्यातसुद्धा म्हणायची नाहीत. त्यांना ऐकू गेली तर...

उजाडलं तेव्हा धाकटा एक बूट घालून बसल्या जागी झोपला होता. सात खुर्च्या रिकाम्या. बैठका ओल्याचिंब. सरनं त्याला खांद्यावर घेतला. आता तो हलका होता, पोराइतकाच.

मी शटर वर करत होतो तेव्हा दोघं रस्ता ओलांडून आले. मी बाकावर जागा केली, चहा सांगितला. सरचे केस विस्कटलेले, डोळे लाल. म्हणाला, "फोन लाव याच्या ताईला. मला आकडे दिसत नाहीत."  इतका खचून गेला होता माणूस.

धाकटा वाचला. ताई त्याला घेऊन दूरच्या गावी बदली करून गेली. त्यानं तो विषय सोडला, औषधोपचार झाले, नोकरी लागली, लग्न झालं. सर मात्र पुन्हा कधी जीवाश्म शिकवायला उभा राहिला नाही. तो धडा दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगायचा. पुस्तकातली ती पानंच त्यानं चिकटवून टाकली होती. मी एकदा चेष्टा केली. तो गंभीरपणे म्हणाला, "मी त्यांना अडलंय म्हणून सांगितलंय. अडलेलंच राहायला हवं."

असा निवृत्तीपर्यंत राहिला. पुढेही काही वर्षं.

गेल्या हिवाळ्यात तो आजारी पडला. एका रात्री उशिरा त्याचा फोन आला. आवाज स्वच्छ, तरुण माणसासारखा.

"अरे, मला तो धडा आठवतोय. शब्द न् शब्द. किती विसरायला बघतो, पण डोळ्यांसमोरून हलत नाही."

मी म्हटलं, "मनातल्या मनात ठेव. मी येतो आत्ता."

"नको येऊस. पोरं फार दिवस थांबलीत. वर्ग इतका वेळ ताटकळत ठेवू नये."

"आणि धाकटा? त्याचं काय?"

म्हणाला, "त्याचं मी बघतो." आणि फोन ठेवला.

मी तरी गेलो. दार आतून बंद. तोडेपर्यंत सगळं आटोपलं होतं. झोपेत गेला. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

पहाट व्हायच्या आत मी धाकट्याला फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला. मी काही बोलायच्या आधी म्हणाला, "काका, सर गेले ना?"

तो अंत्ययात्रेला आला. सगळे पांगल्यावर मला बाजूला घेतलं. सांगितलं, सर गेले त्याच रात्री तो झोपेत उठला होता. त्याला काही आठवत नाही, बायकोनं पाहिलं. उठला, गच्चीवर गेला, कठड्यावर चढायला लागला. ती ओरडत मागे धावली, पण पोचलीच नसती. आणि ती पोचायच्या आधीच तो उताणा पडला. गच्चीच्या आत. वारं नव्हतं. कठड्यापलीकडे काही नव्हतं, नुसता काळोख.

मग त्यानं पिशवीतून रात्रीचा शर्ट काढला, गडद निळा, आणि माझ्यासमोर पसरला. छातीवर पांढरा पंजा उमटला होता. खडूचा. पाचही बोटं वर. समोर उभं राहून माणसाला मागे लोटतात ना... तसा.