दीड मीटरवरची खुर्ची

लेन्सवर विश्वास ठेवायचा नाही, हाच माझा धंदा. छायाचित्रणाच्या एका मासिकात अठरा वर्षं लेन्सची परीक्षणं लिहितोय आणि भल्याभल्या कंपन्यांच्या नाकी नऊ आणलेत. माझा नियम एकच. एक फोटो म्हणजे योगायोग, दहा फोटो म्हणजे पुरावा. कुठलीही चाचणी मी दहा वेळा करतो. ताईला याचा भयंकर वैताग, कारण प्रत्येक लेन्ससमोर बसावं लागतं तिलाच.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला वाढवलं हिनंच, आणि त्या नादात तिचं स्वतःचं लग्नबिग्न राहून गेलं. आता आम्ही दोघंच. ती प्राथमिक शाळेत शिकवते. रविवारी सकाळी वरच्या खोलीत येते, उत्तरेकडच्या खिडकीपाशी लाकडी खुर्चीत बसते आणि मुलांच्या वह्या तपासत राहते. खुर्चीचे चारही पाय जमिनीवरच्या खुणांवर असतात. कॅमेऱ्यापासून तिच्या डोळ्यापर्यंत बरोबर दीड मीटर, मी स्वतः टेप लावून मोजतो. चेहरा तोच, अंतर तेच, उजेड तोच. म्हणजे जो काही फरक दिसेल तो लेन्सचाच.

त्या रविवारची लेन्स होती पंच्याऐंशी एमएमची, एक पूर्णांक दोन ॲपर्चरची. जुनी, हातानं रिंग फिरवून फोकस करायची, चांगली किलोभर वजनाची. कॅमेरे भाड्यानं देणाऱ्या एका ओळखीच्या दुकानदारानं पाठवली होती. अशा लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेडाचं भोक, पूर्ण उघडलं की ती जेमतेम दोन सेंटिमीटर खोलीपर्यंतच धारदार टिपते. डोळा टिपला तर कान विरघळतो. पोर्ट्रेटवाले तिच्यावर जीव टाकतात ते यासाठीच.

आधी भिंतीवरचा रेघांचा तक्ता झाला. मधोमध केस मोजावेत अशी धार, कोपरे जरा मऊ, काळ्या रेघांच्या कडेला किंचित जांभळी झाक. मागे लावलेले बारीक दिवे छान गोल आणि मऊ. रिंगवरचे अंतराचे आकडे टेपशी तंतोतंत जुळत होते. मी शीळ घालायला लागलो.

"आज स्वारी खूश दिसतेय," ताई वहीतून मान वर न काढता म्हणाली.

"लेन्स झकास आहे. आता हलू नकोस."

"माझं नाक मोठं आलं तर छापायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"नाक मुळातच मोठं आहे, त्याला लेन्स काय करणार?"

"गधड्या," ती म्हणाली आणि पुढची वही घेतली.

प्रत्येक फोटोनंतर मी फोकस मुद्दाम बिघडवतो आणि पुन्हा नव्यानं जुळवतो. पडद्यावर तिचा डावा डोळा मोठा करून बघायचा, पापणीचा केस न् केस दिसला की थांबायचं, रिंगवरचा आकडा लिहायचा, बटण दाबायचं. पहिला आकडा दीड. मग एक पूर्णांक सहा. मग पुन्हा एक पूर्णांक सहा, एक पूर्णांक सात. दहाव्या फोटोला रिंग दोन मीटर सांगत होती.

ताई हलली असणार. टेप लावली. दीड मीटर.

रिंग सैल झाली असेल म्हणून तिला उठवलं आणि खुर्चीच्या पाठीला तक्ता टांगला. पाठीपर्यंतचं अंतर टेपनं जेवढं दिलं तेवढंच लेन्सनं दिलं, मिलिमीटरचा फरक नाही. ताईला परत बसवलं, तर पुन्हा दोन मीटर. मी चिडलो, आणि चिडलो की मी आणखी मोजतो. दुसरे दहा फोटो काढले. शेवटचा आकडा पाच मीटर.

चेहरा चौकटीत तेवढाच मोठा दिसत होता. पाच मीटरवर तो तेवढा मोठा दिसायचं काही कारणच नव्हतं.

"ताई, हा तक्ता जरा गालाला लावून धर."

"आता हे काय नवीन?" तिनं धरला.

पडद्यावर दीड मीटरला तक्ता धारदार दिसला. त्यावरच्या सगळ्यात बारीक रेघासुद्धा मोजता येत होत्या. तक्ता धरणारी बोटं मात्र पुसट होती. अंगठा तक्त्यावर टेकलेला, आणि तो नुसता गुलाबी डाग.

जिन्यात जाऊन दुकानदाराला फोन लावला.

"अहो, ही लेन्स आधी कुणाकडे होती?"

"का? काही निघालं का?"

"आकडे सरकतायत."

"त्याचीही तीच कटकट होती. पोर्ट्रेट काढायचा. म्हणे, गिऱ्हाइकं नीट येतात, घरचेच लांब जातात. मी म्हटलं, चष्मा बदला."

"त्याच्या घरच्यांशी बोलता येईल?"

"घरचं कुणी नाही हो त्याला. एकटाच असतो."

"आत्ताच तर म्हणालात, घरचे..."

"हो ना," तो म्हणाला. "माझ्याही ते नंतरच लक्षात आलं."

शहाण्या माणसानं लेन्स डब्यात घालून परत पाठवली असती. पण वीस आकडे चढते आले होते आणि त्यांचा अर्थ मला लागत नव्हता. अर्थ न लागता चाचणी सोडायची मला सवयच नाही. मी वर आलो आणि तिसरे दहा सुरू केले.

सात. दहा. पंधरा. त्यापुढे रिंगवर आकडे नसतात, फक्त आडवा आठ असतो. अनंत. डोंगर, ढग, चंद्र यांच्यासाठी. रिंग त्या दिशेनं केसाकेसानं सरकत होती.

तिसावा फोटो काढला तेव्हा ती आडव्या आठावर जाऊन टेकली.

आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. वहीतला आकडा मोजताना वाढला नव्हता. तो प्रत्येक वेळी बटण दाबल्यावर वाढला होता. तीस वेळा.

ती लेन्स काढली आणि माझी स्वतःची बसवली, पन्नास एमएमची, जिच्यावर मी डोळे मिटून भरवसा ठेवतो. बटणाला हात लावला नाही. नुसता फोकस केला. पापण्यांचे केस दिसेपर्यंत रिंग फिरवत राहिलो.

आडवा आठ.

"ताई."

तिचा लाल पेन चालूच होता.

"ताई!"

खिडकीतून अकराचा लख्ख उजेड आत येत होता. तिनं पान उलटलं. मग मान वर झाली, उशिरा. ओठ हलले, मिटले. ते मिटल्यानंतर आवाज आला, बारीक, मैदानाच्या पलीकडून ओरडल्यासारखा.

"काय रे?"

मी कॅमेरा तसाच टाकला. दीड मीटर, दोन पावलं. तिच्यासमोर गुडघे टेकले आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरले. गरम होते. बोटाला लाल शाई लागलेली होती. मला रडू फुटलं.

"चुकलं माझं, ताई. मी इथंच आहे. बघ ना, हात धरलाय तुझा."

मी सेकंद मोजले. एक. दोन. तीन. चार. पाच.

तिची नजर माझ्या डोक्यावरून गेली, भिंतीच्याही पुढे, आणि काहीतरी शोधायला लागली. डोळे बारीक झाले.

मग तिला मी सापडलो. चेहरा कसा उजळला तिचा.

माझ्या मुठीतून तिनं एक हात हलकेच सोडवून घेतला, डोक्याच्या वर उंच धरला आणि लांबून नीट दिसावा म्हणून जोरजोरात हलवला.

तिच्या गुडघ्याशी बसून मीही हात हलवला.