तीन आणि पाचच्या मधली आंटी

माणसानं विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं? तराजूवर? मलेशियात, पेनांगला चाळीस वर्षं सुकी मासळी विकतोय मी. तराजूला खोटं बोलायला शिकवणारे बक्कळ पाहिलेत. पण स्वतःच्या जिभेवर तर मुळीच ठेवू नका.

माझ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. नंतर दुखू नये म्हणून पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी घातली होती. पंपातून थेंब थेंब औषध जायचं. पोट फाडलेला मी दुसऱ्याच दिवशी नर्सशी कोळंबीच्या भावावर वाद घालत होतो! रोहाया तिचं नाव. तासातासाला यायची, बधिरपणा किती ते कळावं म्हणून पोटावर बर्फ टेकवून गार लागतं का बघायची आणि विचारायची, "अंकल, दुखणं दहापैकी किती?"

दुपारी पाठीत नवीनच कळ आली. चार म्हणावं अशी. पण आमच्या होक्कियन या चिनी बोलीत चार आणि मरण एकसारखेच वाजतात. वॉर्डातसुद्धा माझी खाट तीन, पुढची एकदम पाच, चार नंबर ठेवलेलाच नाही! मी म्हणालो, "तीन."

"इथंही घासाघीस? बरं, पाय हलतात ना?"

"नाचून दाखवू?" पाय जडावले होते, पण तो औषधाचाच परिणाम, असं मी ठरवून टाकलं.

ती गेली. पंपाची टिकटिक उरली. मग जायफळाच्या तेलाचा वास आला... पडद्याखालून एक सुरकुतलेला हात आत आला. त्यानं माझ्या डाव्या पायावर बर्फ ठेवला.

"गार लागलं?"

"नाही, आंटी..."

"अंगठा हलव."

हलेना.

"आता खरा आकडा सांग."

"तो... अशुभ आहे..."

"तुम्ही लोक माझ्या खाटेचा आकडा गिळलात, आता तोंडातलाही गिळता?" ती खुदकन हसली. "चार म्हण की रे, मेल्या!"

"चार!" मी बोंबललो.

रोहाया धावत आली. पाय पाहून तिचा चेहरा उतरला. पंप बंद झाला, डॉक्टर पळत आले. नळीपाशी कण्यात साकळलेलं रक्त नसा दाबत होतं, ते संध्याकाळच्या आत काढलं. थोडा उशीर झाला असता तर दोन्ही पाय कायमचे गेले असते. आता ते चालतात. बायकोच्या मते तोंडाइतके नाही.

शेजारच्या आंटीला मासळी पाठवायची म्हटलं, तर रोहाया म्हणाली, "अंकल, पडद्यामागं भिंत आहे हो."

तिनं तक्ता दाखवला. त्या दुपारच्या रकान्यात तिनं लिहिलेला तीन खोडून कोणीतरी चार केला होता. मी बोट लावलं. दोन दिवसांनंतरही तो आकडा ओला होता... आणि गार.

तेव्हा कधी नळी लागलीच, तर नर्सपाशी घासाघीस नको. आंटी तपासायला येवो न येवो, दुखण्याचा हिशेब तेवढा खरा ठेवा.