अंजिराला टांगलेली पुरचुंडी

पहाटेची फज्रची नमाज झाली की मनूबिया अंगणातला तबूना पेटवायची. मातीची ती उभी भट्टी ऑलिव्हच्या काटक्यांनी तापली, की ओल्या हाताने भाकऱ्या आतल्या भिंतीला थापायच्या आणि खरपूस झाल्या की झटक्यात ओढून घ्यायच्या. नवरा गेल्यापासून घर ह्या भाकऱ्यांवरच चाललं होतं. पीठ मळायची ती तिची लेक सोंदुस. पण त्या वसंतात पोरीच्या हातांना चामखिळी आल्या आणि तिने परातीला हात लावणं सोडलं. आधी शेजारणीने विचारलं होतं, मग हळूहळू सगळ्याच गिऱ्हाइकांनी, "पीठ कोण मळतं गं हल्ली?"

मसुराएवढ्या, करड्या, खरखरीत चामखिळी. बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेने, मनगटापर्यंत. लसूण ठेचून बांधून झाली, सिरक्याचे बोळे झाले, घोड्याच्या शेपटीचा केस आवळून झाला. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गोठवूनही पाहिल्या. एक गेली की तिच्या शेजारी दोन उगवत. आणि उन्हाळा सरता सरता सोंदुसचं लग्न होतं. मेंदीच्या दिवशी मुलाची आई सगळ्या बायकांच्या देखत नवरीचे हात हातात घेते. तेव्हा मुठी उघडाव्याच लागतात.

"हात बघून कुणी लग्न मोडत नाही, उम्मी," सोंदुस आईला म्हणायची. पण बाहेर पडताना तिचे हात ओढणीत गुंडाळलेले असत.

ते नर अंजिरांचे दिवस होते. गोर्रा डोंगराच्या उतारावरच्या त्या गावात सगळ्यांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा अंजिरांच्या. मादी झाडाला आपसूक फळ धरत नाही. जून लागला की रानातली नर अंजिरं आणायची, दोऱ्यात ओवायची आणि त्या माळा मादी झाडांच्या फांद्यांना टांगायच्या. नर अंजिरातून कणाएवढी काळी माशी निघते, मादी अंजिराच्या डोळ्यातून, टोकावरच्या बारीक छिद्रातून, आत शिरते, आणि मग ते फळ गळत नाही, भरतं.

वरच्या आळीची शल्बिया खाला माळा ओवायला मनूबियाच्या अंगणात येऊन बसायची. तोंडात दात एकच, पण जीभ सगळ्या गावाला पुरेल एवढी.

"ही माशी बघ, सोंदुस. दार इतकं अरुंद, की आत जाताना पंख गळतात. पंख दारात ठेवून आत जाते ती जाते. नवरीसारखी!"

"खाला, तुम्ही चार नवऱ्यांच्या दारात किती पंख ठेवलेत?"

"जीभ बघा हिची! हात दाखव आधी. कुणी सांगितलं होतं गच्चीवर निजून तारे मोजायला? बोट दाखवून मोजलेस ना? तेच उतरलेत बोटांवर."

"तारे कोण मोजतं आता? सगळे मोबाईल बघतात."

"मग त्यातूनच आल्या असतील. दिवसभर तेच तर घासत असतेस."

हसणं ओसरल्यावर खालाने उपाय सांगितला. हिरवं कच्चं अंजीर देठाशी मोडायचं, त्याचा चीक एकेका चामखिळीला लावायचा. प्रत्येकीवर सातूचा एक दाणा घासायचा. दाणे आणि चिमूटभर मीठ फडक्यात बांधायचं आणि ती पुरचुंडी वाट फुटते तिथे टाकून मागे न बघता घरी यायचं.

"मग?"

"मग काय? कुणी उचलेल. ज्याने उचललं त्याचं."

मनूबियाने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. चिकाने पोरीचे हात चुरचुरले, दाणे घासले गेले, पुरचुंडी बांधून झाली. दुपारी ती झऱ्याकडच्या फाट्यावर गेली आणि तिथेच तिचे पाय थांबले. ह्या वाटेने शेजारची गरोदर सून पाण्याला जाते. मशिदीतला म्हातारा अझानवाला जातो, ज्याला वाटेत पडलेला पावाचा तुकडासुद्धा उचलून भिंतीवर ठेवायची सवय. मनूबिया सोमवार-गुरुवारचे रोजे धरणारी बाई, जपमाळ हातातली सुटत नसे. आपल्या पोरीचं दुखणं दुसऱ्याच्या लेकरावर टाकायचं आणि संध्याकाळी त्याच हातांनी दुवा मागायची? तिला ते जमेना.

फाट्याच्या वर, कोसळलेल्या गडग्याआड एक अंजिराचं झाड होतं. मालक कधीच समुद्रापार मार्सेयला गेलेले. झाड मादी, पण त्याला कधी कुणी फळ पाहिलं नव्हतं. भोवतीच्या सगळ्या झाडांना माळा लटकल्या होत्या, ह्याच्या फांद्या तेवढ्या मोकळ्या.

झाडाला कसल्या आल्यात चामखिळी, असं मनूबियाच्या मनात आलं. सकाळच्या माळांचा दोरा कमरेला खोचलेला होताच. माळा बांधतात तशाच गाठीने तिने पुरचुंडी खालच्या फांदीला बांधली. बांधताना सवयीने तोंडातून बिस्मिल्लाह निघालं. कुणाचं वाईट न करता सुटलो, ह्या समाधानात ती घरी आली.

त्याच आठवड्यात चामखिळी सुकल्या. एका सकाळी सोंदुसने हात धुतले आणि त्या पाण्याबरोबर निघून गेल्या, खाली डागही राहिला नाही. मायलेकी भट्टीपाशी बसून रडल्या आणि मग रडता रडता हसल्या. सोंदुसने हौसेने सगळं पीठ एकटीने मळलं.

काही दिवसांनी सोंदुस चिडून आली. "उम्मी, हा मोबाईल बिघडला. अंगठा लावला तरी उघडत नाही."

"ओला असेल."

"कोरडा आहे. सगळी बोटं लावून पाहिली. ओळखतच नाही मला."

मनूबियाने तिचा अंगठा उजेडात धरला. अंगठ्यावर रेषा नव्हत्या. बारीक गोल गोल चक्र असतं, ते नव्हतं. कातडी तुळतुळीत, अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. तळहातावरच्या रेषाही पुसट झाल्या होत्या, कुणी ओल्या फडक्याने पाटी पुसत आणावी तशा.

"चिकाने सोललं असेल. येईल भरून," ती म्हणाली. आवाज मात्र तिचा तिलाच पटला नाही.

जुलैत खालाने मेंदी लावून पाहिली, नवरीच्या हातावर रंग कसा चढतो ते बघायला. सकाळी हातांना गुंडाळलेल्या पट्ट्या सोडल्या. मेंदी पापडीसारखी निघून आली, आणि खाली हात पांढरेच. खालाने ओल्या बोटाने तळहात घासून पाहिला.

"मेंदी जुनी असेल," सोंदुस म्हणाली.

"हीच मेंदी काल माझ्या टाचेला लावली," खाला म्हणाली. तिची टाच लालभडक होती.

मग मनूबियाच्या डोळ्यांना एकेक दिसायला लागलं. नमाजाआधी वुजूला, हातपाय धुवायला, पाणी घेतलं की सोंदुसच्या हातांवरून ते थेंबाथेंबाने घरंगळे, हात ओले होतच नसत. नखांवरचे पांढरे चंद्र गेले, मग नखंच पातळ होत चालली. ते हात डाव्या-उजव्यात ओळखू येईनात. आणि एका सकाळी मनूबिया परात आणायला घरात गेली आणि परत येऊन पाहते तो, सोंदुस तबूनात मनगटापर्यंत हात घालून भाकऱ्या काढत होती. सावकाश. बाजारात वांगी निवडावीत तशी.

"सोंदुस! हात काढ!"

तिने हात बाहेर काढून पाहिला. मनगट लाल झालं होतं. खाली पंजावर भाजल्याची खूणही नव्हती.

"लागत नाही, उम्मी," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं भट्टी विझली." आणि मग लहान असताना करायची तसा चेहरा करून तिने विचारलं, "हात माझेच आहेत ना गं?"

मनूबिया तशीच खालाकडे गेली. खाला दारात बी निवडत होती.

"पुरचुंडी कुणी उचलली ते ठाऊक आहे का तुला?" सगळं ऐकून खालाने विचारलं.

"कुणीच नाही. मी वाटेवर टाकलीच नाही, खाला. झाडाला टांगली. वरच्या पडक्या गडग्यातल्या."

खालाच्या हातातलं सूप कलंडलं. "झाडाला? माळांच्या दिवसांत?"

"तिथे कुणाला बाधणार नाही असं वाटलं."

"अगं सालस बाई," खाला म्हणाली, आणि तिच्या तोंडून तो शब्द शिवीसारखा आला. "माणसाने उचललं की तो पुढे कुणाला तरी देतो. हिंडत राहतं, एके ठिकाणी मुरत नाही. झाड कुणाला देणार? फळ तर धरलं नाही ना?"

मनूबियाला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून ती तिकडे फिरकलीच नव्हती.

"धरलं असेल तर ते माणसाने पोटात घ्यायला हवं. सगळं. एक ठेवू नकोस. आणि पोरीला तिकडे नेऊ नकोस, तिचा वास लागू देऊ नकोस त्याला."

तो गुरुवार होता, मनूबियाचा रोजा. दुपार उतरता उतरता ती गडगा ओलांडून आत गेली.

झाडाला फळ धरलं होतं.

अंजिरं फांद्यांच्या टोकांना, पानांपाशी येतात. ही बुंध्यातूनच निघाली होती. देठ नव्हते. सालीला चिकटून, एकमेकांना खेटून, दाटीवाटीने, करडी आणि खरखरीत. पुरचुंडीचा दोरा फांदीत रुतून वर साल आली होती आणि फडकं रिकामं लोंबत होतं. भोवतीच्या बागांत उन्हाळी किडे कर्कश ओरडत होते, पण गडग्याच्या आत एकही नव्हता.

तिने एका फळाला बोट लावलं. ते कोमट होतं.

वाकून पाहिलं तर सालीवर रेषा होत्या. बारीक, गोल गोल. एका फळावर रेषांना छेदून तिरपा पांढरा वण होता. सात वर्षांच्या सोंदुसने विळीवर अंगठा कापून घेतला होता, तेव्हा रक्त थांबवायला त्यावर कॉफीची पूड मनूबियानेच दाबली होती.

रोजा सूर्यास्ताआधी मोडायचा नव्हता. ती झाडाखाली बसली, जपमाळ काढली. मणी सरकत होते आणि ओठ हलत होते. मागे पान हललं असं वाटून तिने वळून पाहिलं. पानं स्थिर होती. फळं मात्र मघापेक्षा खाली होती, तिच्या खांद्याच्या उंचीवर.

तिने पुन्हा वळून पाहिलं नाही.

ऊन डोंगरावर चढलं. मानेला काहीतरी कोमट टेकलं. हलकेच, लेकराने हाक मारायला बोट लावावं तसं.

ती मोठ्याने कुराणातली आयत म्हणू लागली.

खालून अझान आली. आयुष्यभर खजुराने रोजा सोडणाऱ्या त्या बाईने बिस्मिल्लाह म्हटलं आणि पहिलं अंजीर खुडलं.

गोडी नव्हती. मीठ होतं, आणि चीक. ओठ भाजले, जीभ सुजली. दाताखाली काहीतरी करकरलं, सातूच्या दाण्यासारखं. ती थांबली नाही.

शेवटचं खुडलं तेव्हा झाडाने श्वास सोडल्यासारखी पानं एकदम पडली. सगळी.

घरी सोंदुस दारातच उभी होती, हात पुढे धरून. "उम्मी, आग होतेय हातांची! सकाळचं आत्ता भाजतंय!" ती रडत होती, आणि मनूबियाने आयुष्यात एवढं गोड रडणं ऐकलं नव्हतं. तिने पोरीच्या बोटांना मध लावला. दिव्यापाशी अंगठा वळवून पाहिला. चक्र होतं. वणही होता.

मेंदी लालभडक रंगली. मुलाच्या आईने भर अंगणात सोंदुसचे हात उचलून सगळ्यांना दाखवले आणि बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या. मनूबिया मागे उभी होती, हात बाह्यांत ओढून. तिच्या पेरांवर, नखांच्या कडेने, मनगटापर्यंत करड्या चामखिळी होत्या. गिऱ्हाइकं तुटली, पण जावई भला निघाला. तो म्हणायचा, "उम्मी, भाकऱ्या पुरे आता. दवाखान्यात जाऊ." ती हसून नको म्हणायची. दुखत नाहीत, कुणाला देणार नाही, राहू देत.

पुढचा जून आला. सोंदुस माहेरी आली होती, दिवस गेलेली, आत घरात झोपली होती. अंगणात मनूबिया आणि खाला माळा ओवत बसल्या होत्या. नर अंजिरं उन्हाने तापली आणि त्यांतून काळ्या माश्या निघू लागल्या.

वारा डोंगराकडून बागांकडे होता. माश्या बागांकडे गेल्या नाहीत.

खालाची सुई थांबली.

मनूबियाच्या डाव्या हातावरची सर्वांत मोठी चामखीळ मधोमध जराशी खोल झाली होती, अंजिराला डोळा असतो तशी. एक माशी तिच्यावर उतरली. काठाकाठाने फिरली, डोकं खुपसलं आणि सावकाश आत गेली.

कातडीवर दोन पारदर्शक पंख राहिले.